वाळू आणि लाटा यांच्या सीमेवर

समुद्र म्हटला कीं, नारळी-पोफळीच्या बागा, भाताचीं खाचरें आणि कौलांवरून निथळणारें पाणी हीं सारीं आपल्या मनापुढें उभीं राहतात. कोंकणानें आपल्याला ही संवय लाविली आहे. उलट वाळवंट म्हटलें कीं, कोसच्या कोस पाण्याचा मागमूस नसलेला प्रदेश डोळ्यांपुढें येतो. या दोन चित्रांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंकाही आपल्याला सहसा शिवत नाहीं. परंतु याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या तीरावर, ओमान देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्या थेट लाटांपर्यंत उतरल्या आहेत. एका हाताला अमर्याद पाणी, दुसऱ्या हाताला अमर्याद कोरडेपणा, आणि तहान भागेल असा एक थेंबही दोहोंकडे नाहीं! नोकरीनिमित्त मस्कतला असतांना या किनाऱ्यानें आम्हीं सहकुटुंब जो चार दिवसांचा प्रवास केला, त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा प्रदेश असा कां झाला, तें प्रथम पाहूं. कोंकणाला हिरवेंगार करणारा वारा आणि या किनाऱ्याला कोरडा ठेवण्यास हातभार लावणारा वारा एकच आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. उन्हाळ्यांत नैर्ऋत्येकडून निघालेला मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. तो समुद्राच्या पृष्ठावरील ऊन पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें. थंड पाण्यावरची हवा सहजासहजीं वर चढत नाहीं, आणि हवा वर चढल्यावांचून पाऊस नाहीं. दक्षिणेकडील सलालाच्या डोंगरांवर जी झिमझिम होते ती वगळली, तर हा वारा ओमानच्या किनाऱ्याला धुकें आणि उडती वाळू एवढेंच देऊन पुढें निघतो. मग सारा अरबी समुद्र ओलांडीत तो वाफ गोळा करितो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ती रिती करितो. निसर्गानें ओमानला मात्र अगदींच रित्या हातानें परत पाठविलेलें नाहीं. थंड पाण्याबरोबर खालचीं पोषक द्रव्यें वर येतात आणि त्यांवर विपुल मासळी पोसते. म्हणूनच जेथें शेत पिकत नाहीं, तेथेंही कोळ्यांचीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

याच वाऱ्यानें शर्किया प्रांतांतील वाळूच्या रांगा रचण्यास मोठा हात लाविला. जुन्या पुस्तकांत या भागाला वहीबा जमातीच्या नांवानें ओळखीत. उत्तर-दक्षिण सुमारें १८० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारें ८० किलोमीटर एवढा याचा विस्तार आहे. १९४९ सालीं विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशानें बेदुइन सोबत्यांसह उंटावरून ही वाळू ओलांडली. पुढें १९८५ ते १९८७ या काळांत लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें येथें शास्त्रज्ञांचें एक पथक धाडलें, आणि 'ओसाड' म्हणविणाऱ्या या भूमींत त्यांना दीडशें देशी वनस्पति आढळल्या. ओसाड हा शब्द पुष्कळदां पाहणाराच्या दृष्टीचा दोष असतो, हें यावरून ध्यानांत यावें. १९७० सालीं सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हां साऱ्या ओमानांत पक्की सडक अवघी दहा किलोमीटरांच्या आसपास होती असें सांगतात. आज या किनाऱ्यालगत डांबरी रस्ता झाला आहे. पण वारा सुटला कीं त्यावरही वाळू चढते, आणि रस्ता सोडून अर्धा कोस आंत गेलें कीं थेसिजरच्या वेळचीच भूमि पुन्हां सुरू होते.

आम्ही दोन कुटुंबें मिळून नऊ माणसें होतों: आम्हीं पतिपत्नी, सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री आणि दोन मुलें, शिवाय आमचे एक केरळी स्नेही, त्यांची पत्नी व दोन मुलें. गाड्या दोन. अशा मुलखांत एकट्या गाडीनें कधीं जाऊं नये, हा तेथला पहिला नियम. दुसरा नियम चाकांचा. सडकेवर चाकांत पस्तीस पौंडांच्या आसपास हवा असते. वाळूंत शिरण्यापूर्वीं ती सोळा-अठरा पौंडांवर आणावी लागते. हवा कमी झाली कीं चाक खालीं पसरतें, भार अधिक जागेवर वाटला जातो, आणि गाडी रुतण्याऐवजीं तरंगत जाते. उंटाच्या पसरट तळव्याची हीच युक्ति आहे. यंत्रवाल्यांनीं ती उशिरां उचलली, इतकेंच. वाळू ओलांडावी तीही सकाळीं, दंवानें ती दबलेली असतां. दुपारच्या कोरड्या वाळूवर भरवसा ठेवूं नये.

तिसरा नियम पाण्याचा. आणि माझ्या मतें प्रवासाचा सारा अर्थ त्यांत सांठविलेला आहे. माणशीं दररोज सहा लिटर असा आम्हीं हिशेब धरिला. नऊ माणसें, चार दिवस. म्हणजे २१६ लिटर. त्याशिवाय ८० लिटर राखीव. या साठ्याचा कारभार आम्हीं बारा वर्षांच्या आमच्या मुलीकडे सोंपविला. तिनें एक वही केली, दर डब्यावर आंकडा घातला, आणि दुसऱ्याच दिवशीं मला दुसरा पेला चहा नाकारला! घरीं नळ सोडून दांत घासणारी ही मुलगी पेलाभर पाण्यांत तोंड कसें धुवावें, हें आजीला शिकवूं लागली. आणि आजीनें, लहानपणीं माणदेशांत दोन कोसांवरून पाणी आणलेल्या त्या बाईनें, हसत हसत तें शिकून घेतलें.

पहिल्या दिवशीं मस्कतहून सुमारें दोनशें किलोमीटरांवरील सूर बंदर गांठलें. येथें मलबारच्या सागवानाचीं गलबतें बांधीत, आणि मोसमी वाऱ्याचा नेम साधून तीं आपल्या किनाऱ्यापर्यंत व तिकडे झांजीबारपर्यंत जात. १९५१ सालीं बांधलेलें 'फतह अल् खैर' नांवाचें गलबत आतां तेथें कांठावर जतन करून ठेविलें आहे. त्याच्या भल्यामोठ्या कुशीखालीं उभें राहिलें म्हणजे हा समुद्र दोन देशांमधील आडभिंत नव्हे, तर अंगण होता, हें पुस्तकावांचून समजतें.

सूरच्या पुढें रास अल् जिंझ आहे. १९९६ पासून तो कासवांसाठीं राखून ठेविलेला किनारा आहे, आणि रात्रीं वाटाड्यावांचून तेथें कोणासही जातां येत नाहीं. हिरव्या जातीच्या कासवाची मादी पाण्यांतून वर येते, पायांनीं वाळू उकरून खड्डा करिते, त्यांत सुमारें शंभर अंडीं घालिते, आणि खड्डा बुजवून पुन्हां समुद्रांत जाते. दोनएक महिन्यांनीं पिलें वर येतात, आणि ज्या दिशेस क्षितिज उजळ दिसेल तिकडे धांव घेतात. निसर्गाच्या योजनेंत उजळ बाजू म्हणजे समुद्र. पण किनाऱ्यावर कोणी गाडीचे दिवे लाविले, तर पिलें त्या दिव्यांकडे वळतात, आणि सकाळच्या उन्हापूर्वीं पाणी न गांठल्यामुळें मरतात. वाटाड्यानें हें हलक्या आवाजांत सांगितलें, तेव्हां आमच्या आठ वर्षांच्या मुलानें हातांतली विजेची बत्ती मुकाट्यानें आईच्या पिशवींत टाकिली. त्याला कोणीं सांगावें लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वाळूच्या पूर्व सीमेवर एका झाडाखालीं आम्हीं विसांवा घेतला. तेथील लोक याला गाफ म्हणतात. मातोश्रींनीं पानें चुरून पाहिलीं, खोडावरून हात फिरविला, आणि म्हणाल्या, "अरे, ही तर शमी!" खरोखरच ती शमी होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंही गाफ, राजस्थानची खेजडी आणि आपली शमी हीं एकच. पांडवांनीं जिच्यावर शस्त्रें ठेविलीं आणि दसऱ्याला जिचें आपण पूजन करितों, ती येथें उंटांचा चारा आणि माणसांची सांवली होऊन उभी आहे. तिचीं मुळें तीस मीटरांपर्यंत खोल जाऊं शकतात. वरून जेथें कांहींच दिसत नाहीं, तेथें खालीं कोठें ओल आहे हें ती जाणते.

तिसऱ्या दिवशींची हकीकत मात्र कांहींशी गंभीर आहे. आम्ही दक्षिणेकडे बार अल् हिक्मान या सपाट द्वीपकल्पांत शिरलों होतों. येथील चिखलाच्या उथळ खाजणांवर हिवाळ्यांत उत्तरेकडून लक्षावधि पक्षी उतरतात. या भागांत 'सब्खा' नांवाची भूमि आहे. वरून पाहतां ती मिठाच्या पांढुरक्या पापुद्र्यानें मढलेली, सडकेसारखी सपाट. पण पापुद्र्याखालीं खारा चिखल. स्नेह्यांची गाडी जुन्याच चाकोरीनें जात होती. परंतु आदल्या रात्रीं दंव फार पडलें होतें. एकाएकीं पापुद्रा फुटला, आणि गाडी आंसापर्यंत बसली. दुसरी गाडी जवळ नेणें म्हणजे तीही गमावणें. फावडीं घेऊन आम्हीं तीन तास खणलें. जितकें खणावें तितका खड्डा खाऱ्या पाण्यानें भरे. सूर्य मावळला. दूरध्वनीच्या यंत्राला तेथें आवाज नव्हता. मुलें गप्प झालीं, आणि मोठ्या माणसांच्या तोंडावरही ती गोष्ट दिसूं लागली, जी मुलांना दिसूं नये म्हणून आपण धडपडतों.

अशा वेळीं आमच्या मुलीनें न विचारतां वही उघडली आणि वाचून दाखविलें: शिल्लक १५३ लिटर. नऊ माणसांना जवळजवळ तीन दिवस पुरेल एवढें. श्रोतेहो, धीर हा शब्द आपण फार उदात्त अर्थानें वापरतों. पण त्या रात्रीं आम्हांस जी झोंप लागली, ती कोणाच्या शौर्यामुळें नव्हे, तर एका पोरीनें पेल्यापेल्यानें ठेविलेल्या हिशेबामुळें.

पहाटे दोघे कोळी आपल्या गाडीनें समुद्राकडे जातांना आम्हांस दिसले. ते टणक जमिनीवर थांबले, लांब दोर टाकिला, चाकांखालीं फळ्या सारावयास लाविल्या, आणि घटकाभरांत गाडी वर आली. पैसे देऊं करतांच त्यांच्यांतील वडील माणसानें हात छातीवर ठेवून मान हलविली. उलट कहवा आणि खजूर पुढें केला. मग त्यानें आम्हांस थोडें चालवीत नेलें आणि मैदानावर दूरवर गेलेल्या चाकांच्या खुणा दाखविल्या. हौशी प्रवाशांच्या त्या खुणा होत्या. कांहीं त्याच्या आठवणींतल्या, पुष्कळ वर्षांपूर्वींच्या. येथें त्या पुसायला पाऊस येत नाहीं, असें तो म्हणाला.

या एका वाक्याचा मीं पुष्कळ विचार केला. आपल्या देशांत पाऊस आपले पुष्कळ अपराध पोटांत घालतो. चिखलांत उमटलेलें चाक आषाढांत नाहींसें होतें, तुडविलेलें गवत श्रावणांत पुन्हां उगवतें. म्हणून भूमि सारें विसरते, असा आपला समज होतो. वाळवंट कांहींच विसरत नाहीं. टेकडीची उडती वाळू आपली खूण पुसते खरी. पण खड्यांच्या व मिठाच्या मैदानांवरचा पापुद्रा एकदां फुटला, कीं दशकेंच्या दशकें तो व्रण राहतो. यंत्राच्या बळावर माणूस कोठेंही जाऊं शकतो, यांत संशय नाहीं. जेथें जातां येतें तेथें जावेंच असें मात्र नाहीं. आणि जावयाचें, तर आधींच पडलेल्या वाटेनें जावें.

हा धडा केवळ ओमानचा नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावरही दर हिवाळ्यांत कासवें अंडीं घालण्यास येतात, आणि तेथील गांवकरी घरट्यांची राखण करून पिलें समुद्रांत सोडतात. परंतु त्याच कोंकणांत सुट्टीच्या दिवशीं ओल्या वाळूवर मोटारी पिटाळण्याची हौसही वाढत आहे. भरतींत सांपडलेली मोटार दुसऱ्या दिवशीं दोरांनीं ओढून काढितां येते. चाकाखालीं चिरडलेलें घरटें परत येत नाहीं.

मुलांना अशा निर्जन आणि धोक्याच्या जागीं कां न्यावें, असें मला पुष्कळांनीं विचारलें. त्यांची काळजी रास्त आहे. एकट्या गाडीनें, अपुऱ्या पाण्यानें, किंवा हिवाळ्यावांचून अन्य ऋतूंत तेथें नेणें हें धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे. परंतु तयारी असेल, तर ही भूमि मुलांना जें शिकविते तें आपण घरीं शिकवूं शकत नाहीं. पाणी मोजून वापरावें, अंधाराचाही मान राखावा, अनोळखी माणसाचें सौजन्य मान लववून घ्यावें, आणि ज्या जागेनें आपल्याला जागा दिली तिच्यावर आपली खूण ठेवूं नये, या चार गोष्टी उपदेशानें कानांत शिरतात, पण अंगांत मुरत नाहींत. घरांत नळ वाहता असतांना काटकसर हा सद्‌गुण वाटतो. तेथें तें साधें अंकगणित असतें. शिस्त जोंवर वडिलांच्या तोंडून येते तोंवर मुलें तिच्याशीं वाद घालतात. ती भूमीकडून आली, म्हणजे तीं ती आपण होऊन उचलतात.

वर्षांतून चार दिवस तरी आपल्या मुलांना अशा एखाद्या ठिकाणीं नेतां आलें तर पाहावें. त्यासाठीं ओमानच पाहिजे असें नाहीं. दुष्काळी माणदेशांतील एखादें माळरान, कच्छचें रण, किंवा उन्हाळ्यांतील एखादा कोरडा घाटमाथाही पुरेल. मात्र जातांना पाण्याचा हिशेब मुलांच्या हातीं द्यावा, आणि त्यांनीं दुसरा पेला नाकारला तर रागावूं नये.