पाठ कमी नाही, पोतं जड आहे

(मार्केट यार्ड, पुणे इथे स्त्री-गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मला विषय दिलाय 'स्वतःचा स्वीकार'. हा विषय ऐकला की आपल्यातल्या काहीजणींच्या मनात येतं, आता हे काय नवीन? रोजगाराचे प्रश्न आहेत, रेशन आहे, मारहाणीच्या तक्रारी आहेत. त्यात हे मनाचे चोचले कशाला? मला वाटतं, हे चोचले नाहीत. हा विषय रोजच्या कामाचा आहे, तब्येतीचा आहे आणि अंगावर पडणाऱ्या माराचाही आहे. त्याबद्दलच मी बोलणार आहे.

आपण बसलोय मार्केट यार्डात. इथल्या भुसार बाजारात पाठीवर पोतं घेऊन चाललेला हमाल आपण सगळ्यांनी पाहिलाय. एक काळ असा होता, की शंभर किलोचं पोतं एकट्या माणसाच्या पाठीवर द्यायचं, हीच रीत होती. ज्याला झेपेल त्यानं उचलावं, नाही झेपलं तर घरी बसावं. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या साथींनी १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत बांधली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी असे हक्क अंगमेहनतीच्या कामगारांना मिळण्याची वाट त्यातून निघाली. हमालांच्या चळवळीची एक मागणी होती, पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा.

या मागणीतलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. 'आमची पाठ कमी पडते, ती बळकट कशी करायची ते शिकवा,' असं हमालांनी म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, पोतं जड आहे.

आपण बायका काय म्हणतो? आपण म्हणतो, मीच कमी पडते. गटात बोलायला बसलं की हेच वाक्य फिरून फिरून येतं. नोकरीमुळे मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देता येत नाही, मी कमी पडते. सासूबाईंचं पथ्यपाणी वेळेवर होत नाही, मी कमी पडते. घर आवरलेलं नाही म्हणून मैत्रिणीला घरी बोलवत नाही. एकजण म्हणाली, "ताई, मीटिंगला यायचं तर सकाळी चारला उठते. सगळं करून ठेवलं की कुणी बोलायला नको." तिला कुणी बोललं नाही हे खरं. पण चारला उठल्याचा हिशोब कुणाच्या वहीत लिहिला गेला?

सरकारनं हा हिशोब एकदा मांडून बघितला. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. आणि जे पुरुष हे काम करतात, ते ९७ मिनिटं. मुळात असे पुरुष फारच थोडे. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा आकडे होते २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांनी बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ कमी करून घेतली! मला सांगा, हे पाठीचं दुखणं आहे की पोत्याचं?

हे पोतं भरलं कुणी? सुगरण, सोशिक, हसतमुख, टापटीप, शिवाय कमावती. ही यादी काही निसर्गानं केलेली नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापून निघालं. सगळे दुर्गुण बायकांच्याच माथी का मारता, तेच दोष पुरुषांत किती आहेत ते बघा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. बाईला तपासायचं माप वेगळं आणि पुरुषाला वेगळं, हे त्यांनी तेव्हाच पकडलं होतं. आज काय झालंय? ते माप हातात घेऊन उभं राहायला दुसऱ्या कुणाची गरज उरलेली नाही. आपणच आपल्याला मोजत बसतो.

आणि इथून मारापर्यंतचा रस्ता लांब नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं, की नवऱ्यानं बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य वाटतं? सात कारणं वाचून दाखवली. त्यात एक होतं, तिनं स्वयंपाक नीट केला नाही. दुसरं, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं. देशातल्या ४५ टक्के बायकांनी सातांपैकी निदान एका कारणाला होकार दिला. पुरुष होते ४४ टक्के. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मार खाणारी बाई जेव्हा म्हणते, 'माझंही चुकलंच', तेव्हा ती तक्रार कशी करणार? आधी आपण निर्दोष व्हायचं आणि मग न्याय मागायचा, असं तिला वाटत राहतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला तिच्या स्वयंपाकाबद्दल विचारत नाही. टोमणे आणि अपमान हेही त्यात हिंसाचार धरलेत. कायद्यानं घातलेली नाही ती अट आपण स्वतःला का घालतो?

म्हणून मला स्वतःचा स्वीकार म्हणजे 'मी आहे ही अशी आहे' म्हणून हात झटकणं वाटत नाही. काही गोष्टी चोखच हव्यात. वजनकाटा बरोबरच हवा. बचत गटाचा हिशोब पैशापर्यंत जुळायला हवा. बाईला दिलेला सल्ला पूर्ण माहिती घेऊनच द्यायला हवा, कारण चुकलो तर भोगते ती. पण प्रत्येक चपाती गोल हवी, याला कुठला काटा? कुणाचं नुकसान होतं त्यात? दोन्हींतला फरक ओळखायला आपण शिकलं पाहिजे.

एक धोका मात्र सांगते. पोतं हलकं करायचं म्हणून ते दुसरीच्या पाठीवर द्यायचं नाही. आपलं घर लखलखीत दिसावं यासाठी मोलकरणीला चार कामं जास्त, सुनेला सुट्टी नाही, शाळेतून आलेल्या मुलीच्या हातात केरसुणी आणि मुलाच्या हातात बॅट, असं आपल्या घरांत घडतं. १९८० साली याच शहरात मोलकरणींनी पगार आणि रजेसाठी संप केला. त्या दिवसांत पुण्यातल्या कितीतरी घरांची टापटीप कुणाच्या जिवावर उभी होती, ते उघड झालं.

आणि आपली चळवळ? आपणही एक आदर्श कार्यकर्ती तयार केलीच की. ती कधी थकत नाही, रडत नाही, घरात नवऱ्यापुढे नमत नाही, तिचं सगळं आयुष्य विचारांशी जुळलेलं असतं. अशी बाई मी तरी पाहिलेली नाही. पण तिच्या धाकानं गट सोडून गेलेल्या बायका पाहिल्यात. स्वतःच्या घरी मार खाणारी कार्यकर्ती हे गटात सांगू शकत नसेल, तर सासरच्या जागी आपण दुसरं सासरच उभं केलं, असं म्हणावं लागेल.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करू या. प्रत्येकीनं आठवड्याची कामं लिहून आणायची. प्रत्येक कामापुढे लिहायचं: हे न केल्यास कोणाचं काय बिघडेल? ज्या कामांनी काहीच बिघडत नाही, ती खोडायची. ज्यांनी बिघडतं, ती घरातल्या पुरुषांशी बोलून वाटून घ्यायची. भांडण होईल. कामं नीट होणार नाहीत, कणीक पातळ होईल, कपडे वाकडे वाळत पडतील. मागून जाऊन ते सरळ करायचे नाहीत, हे सर्वांत अवघड जाईल.

महिन्याभरानं पुन्हा जमू, तेव्हा कुणाची किती कामं सुटली ते विचारू. जिची एकही सुटली नसेल, तिनंही यायचं. गटात ती नापास नाही.