मद्यविक्रीचा परवाना : हक्क की जबाबदारी?



दारू प्यावी की पिऊ नये, हा आजचा विषय नव्हे. त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. आज विचार करावयाचा आहे तो दारू विकणाऱ्याचा; आणि त्यातही सरकारी परवाना भिंतीवर लावून, राजरोस विकणाऱ्याचा.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या राज्यात या धंद्याला जो कायदा लागू आहे, त्याचे नावच मुळी दारूबंदीचा कायदा असे आहे. मुंबई राज्याने तो 1949 साली केला आणि 6 एप्रिल 1950 पासून संपूर्ण बंदी अमलात आणली. 1960 नंतरच्या वर्षांत बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. म्हणजे बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. गावोगाव आपण 'परमिट रूम' अशी पाटी वाचतो. तीही त्या बंदीचीच खूण आहे. ज्याच्यापाशी पिण्याचा परवाना असेल, त्यानेच बसावयाची ती खोली!

परवानेदार म्हणेल, "मी दरवर्षी भरभक्कम फी भरतो. मग हा माझा हक्कच नव्हे काय?" याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात दिले आहे. पेय म्हणून मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकाला नाही. राज्याने तो धंदा बंद करावा, स्वतःच्या हाती ठेवावा, किंवा अटी घालून दुसऱ्यास द्यावा. तेव्हा परवाना ही मालमत्ता नव्हे; समाजाने अटींवर टाकलेला तो विश्वास आहे.

या अटी कोणत्या? महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि इतर कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयाची मर्यादा आहे. ठरल्या वेळेबाहेर विक्री नाही. आलेल्या आणि गेलेल्या मालाचा हिशेब नोंदवहीत हवा. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास दुकान बंद. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गल्ल्यावर बसलेल्या नोकराने गुन्हा केला, तरी मालक त्यातून सुटत नाही. योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावे लागते. "पोऱ्याने दिली, मला ठाऊक नव्हते," हे उत्तर पुरत नाही.

हे नियम कागदी वाटतात काय? मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालवणारा मुलगा 17 वर्षांचा होता, आणि त्याआधी त्याला मद्य पुरवले गेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. खटल्याचा निवाडा न्यायालयाचा. आपण एवढेच विचारू : टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाने "तुझे वय काय?" असे विचारण्यास किती वेळ लागतो?

दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. नियम फार आवळले तर चोरटी दारू फोफावते, असा आक्षेप घेतात. तो पोकळ नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे दगावली. परवान्याच्या दुकानातील बाटली कोठून आली, हे शोधता येते; हातभट्टीच्या फुग्याचा माग लागत नाही. परवाना देण्यामागचे खरे समर्थन हेच. पण म्हणूनच परवानेदाराने नियम मोडला, तर त्याच्यात आणि चोरट्यात उरते ती फक्त भिंतीवरची चौकट!

आणि नागरिकांचे काय? 2008 च्या आदेशाने वॉर्डातील 25 टक्के स्त्रियांना अथवा मतदारांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. आवश्यक तेवढ्या मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद. हा अधिकार शस्त्रासारखा आहे. तो उठल्यासुटल्या वापरू नये, पण गंजूही देऊ नये. सरकारला या धंद्यातून मोठा महसूल मिळतो. ज्याच्या तिजोरीत पैसा पडतो, त्याने एकट्याने पहारा करावा, ही अपेक्षा भाबडी ठरेल.

परवान्यावर सही सरकारची असते. परंतु तो दिला जातो आपल्या सर्वांच्या नावाने. त्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे, हे आपलेही काम आहे.