राळ, जवारी आणि दशावतार
(वसंत व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेले व्याख्यान)

विषयपत्रिका वाचून चिटणीसांनी मला फोन केला होता. म्हणाले, "सर, 'मेटल' म्हणजे भांड्यांबद्दल का?" मी म्हटलं, आवाज साधारण तसाच असतो, पण भांडी नाहीत, 'हेवी मेटल' संगीत आहे. तरीही त्यांनी मला बोलावलं, याबद्दल त्यांचे आभार.

साताऱ्याहून येताना एसटीत, आज ज्याबद्दल बोलणार आहे तो अल्बम कानात लावून बसलो होतो. 'दशावतार' असं त्याचं नाव. मुंबईच्या 'डेमोनिक रिझरेक्शन' या बँडने तो 2017 मध्ये काढला. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून सुरुवात, कल्कीवर शेवट. कराडच्या आसपास चौथ्या गाण्यावर आलो आणि शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काय ऐकताय, कीर्तन का?" कारण पडद्यावर नाव दिसत होतं 'नरसिंह'. मी इअरफोन त्यांच्या कानाला लावला. दोन सेकंदांत त्यांनी तो परत केला आणि पुढे कासेगावपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

बँडच्या नावाचा अर्थ काढायचा तर 'राक्षसी पुनरुत्थान'. साहिल मखिजा या गायक-गिटारवादकाने तो 2000 मध्ये उभा केला. मुंबईत तेव्हा धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरत असे, 1986 पासूनचा जलसा. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं; पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन बंद पडलं. मोठ्या आवाजाच्या या पिढीला असं हक्काचं अंगण गमवावं लागलं. स्थापनेनंतर दहा वर्षांनी, 2010 मध्ये, हाच बँड नॉर्वेच्या 'इन्फर्नो' महोत्सवात वाजवत होता आणि त्याच वर्षी लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. घरी अंगण नाही, बाहेर मांडव, असं झालं. हे गाणारे मखिजा यूट्यूबवर स्वयंपाकाचे व्हिडिओही करतात. मला यात विसंगती वाटत नाही. फोडणीचा आवाजही काही सौम्य नसतो.

आता मूळ मुद्दा. मेटलचा हा आवाज आपल्याला परका वाटतो. पण सांगलीकरांनी तरी असं म्हणू नये. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. भाव्यांच्या नाटकांत गाणं सूत्रधाराचं आणि गर्जना राक्षसांची. मशालीवर राळ फेकायची, भस्सकन जाळ उठायचा आणि त्या उजेडात 'अललल डुर्र' करत राक्षस रंगभूमीवर यायचे. पुढे या नाटकांना चेष्टेने 'अललडुर्र नाटकं' हेच नाव पडलं. मेटलच्या मंचावरचा धूर, आगीचे लोळ आणि घशातली गुरगुर पाहिली की मला राळेचा वास येतो. तुमच्या पणजोबांनी हे सारं पाहिलंय हो, तेही तिकीट नसलेल्या मांडवात.

फरक एकच आणि तो मोठा आहे. भाव्यांच्या नाटकात गुरगुरणारा राक्षस होता आणि देवाची गोष्ट सांगणारा सूत्रधार सुरात गात होता. या अल्बममध्ये देवाची गोष्टच राक्षसाच्या आवाजात आहे. सूत्रधार आणि राक्षस एकाच गळ्यात राहायला आलेत. मखिजा गुरगुरतात आणि मधेच सरळ सुरातही गातात. गुरगुर म्हणजे ओरडणं नव्हे. मूळ स्वरतंतूंच्या वर दोन घड्या असतात, त्यांना थरथरवून तो आवाज काढतात. रियाज न करता केलं तर घसा बसतो. कीर्तनकारांना हे सांगायला नको.

गिटारचं म्हणाल तर ते मिरजेतच नीट समजलं. तिथे एका कारागिराच्या दुकानात मी हे रेकॉर्डिंग घेऊन बसलो होतो. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर बारीक कानस फिरवायची, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, छेडायचं, दोरा केसभर मागे घ्यायचा, पुन्हा छेडायचं. एका जागी तार अचानक बोलू लागते, झणझणते, एका तारेतून दहा सूर फुटतात. मेटलच्या गिटारला 'डिस्टॉर्शन' लावतात ते याच जातीचं काम आहे: लहर कापली जाते आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर उगवतात. म्हणून तिथे शुद्ध किंवा कोमल गंधार घातला की चिखल होतो. मग वादक काय करतो? गंधार सोडतो, षड्ज-पंचमच ठेवतो. आपला तंबोराही पंचम आणि षड्जावरच तर उभा असतो. कारागिरांनी दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, "जवारी जास्त उघडलीय." मी आजवर वाचलेल्या समीक्षेत इतकं नेमकं वाक्य नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा कानाला कुठलं मानांकन देणार?

आता स्वागताची गंमत पाहा. युरोपातल्या श्रोत्याला हा आवाज घरचा, गोष्ट नवी. कूर्म म्हणजे कोण, हे त्याला शोधावं लागतं. आपल्याला गोष्ट पाठ आणि आवाज परका. म्हणजे दोघेही अर्धाच अल्बम ऐकतात. शब्द इंग्रजी असल्याने आपला अर्धा अजून लहान होतो, ही माझी खरी तक्रार. वराह इंग्रजीत जमीन उचलतो तेव्हा मला ते जरा माहितीपटासारखं वाटतं. नरसिंहाला मात्र भाषेची गरजच नाही. अर्धा सिंह आहे तो, त्याने गुरगुरावंच. कृष्णाच्या वाट्याला हा आवाज आला, तिथे माझं मन अडतं. अर्थात बासरीच्या सवयीने माझा कान बिघडला असेल.

नववं गाणं बुद्धाचं आहे. इथे सभागृहात थोडी चुळबुळ झाली, ती मला दिसली, आणि ती रास्त आहे. बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं स्पष्ट आहे. आणि आपल्या जुन्या पंचांगांवर नवव्या जागी कोण उभा असतो? विठोबा, कटेवर हात ठेवून. बँडने पुराणांतली रूढ यादी घेतली. पंढरपूर इथून फार लांब नाही; मुंबईच्या कुणी पोराने आमचं पंचांग उघडलं असतं, तर नववं गाणं वेगळं झालं असतं. विटेवर गप्प उभ्या असलेल्या देवाला ही गुरगुर कशी दिली असती, हे मला ऐकायला आवडलं असतं. बहुधा तिथे त्यांना गळा बंद ठेवून नुसता षड्ज-पंचम वाजवावा लागला असता.