अचूक रोधक आणि जाळावयाची वितळतार



वितळतार म्हणजेच फ्यूज हा विद्युत परिपथाचा रक्षक, ही ओळख शालेय पुस्तकांतून होते. एकात्मिक परिपथात, म्हणजे चिपमध्ये, त्याचे आणखी एक कार्य आहे. तेथे तो हेतुपुरस्सर जाळला जातो आणि त्यामुळे चिप अधिक अचूक होते.

याची गरज का भासते? सिलिकॉनवर रोधक घडविताना थराची जाडी, अशुद्धीचे प्रमाण आणि रेषेची रुंदी तंतोतंत राखता येत नाही. परिणामी रोधकाचे मूल्य अपेक्षेपेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी-अधिक होऊ शकते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन समान रोधकांचे गुणोत्तर मात्र एक टक्क्याहूनही अचूक साधते. म्हणून अभियंते शक्यतो गुणोत्तरावर विसंबतात. परंतु ठराविक विद्युतधारा, घड्याळाची वारंवारता किंवा संदर्भ विभव निर्माण करावयाचे असेल, तर केवळ गुणोत्तर पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक वीजमीटर संदर्भ विभवाशी तुलना करूनच मापन करतो. तेथील चूक दुरुस्त झाली नाही, तर ती ग्राहकाच्या देयकात उतरते.

समजा, १०,००० ओहमचा रोधक हवा आहे आणि २० टक्के तफावत संभवते. अशा वेळी मूळ रोधक ८,००० ओहमचा ठेवून त्याला एकसरीत १५०, ३००, ६००, १,२०० आणि २,४०० ओहमचे पाच तुकडे जोडतात. प्रत्येक तुकड्याला समांतर एक फ्यूज असतो. फ्यूज शाबूत असेपर्यंत धारा त्यातून जाते आणि तुकडा निष्प्रभ राहतो. फ्यूज जाळला की तुकडा परिपथात येतो.

एखाद्या चिपमध्ये सर्व मूल्ये १० टक्क्यांनी कमी आली, तर मूळ रोधक ७,२०० ओहम भरेल. उणीव २,८०० ओहमची. २,१६०, ५४० आणि १३५ ओहम झालेल्या तुकड्यांचे फ्यूज जाळले की एकूण १०,०३५ ओहम होतात. चूक १० टक्क्यांवरून ०.३५ टक्क्यांवर येते. ७५ ओहमचा सहावा तुकडा वाढविल्यास कमाल चूक सुमारे निम्मी होते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. रोध केवळ वाढविता येतो. जळालेला फ्यूज पूर्ववत होत नाही. त्यामुळे आधी मापन, मग निर्णय आणि शेवटी ज्वलन हा क्रम अटळ ठरतो. शाबूत फ्यूजलाही थोडा रोध असतो व तो लहान तुकड्यांचा हिशेब बिघडवतो. म्हणून अनेक आराखड्यांत फ्यूज केवळ शून्य किंवा एक ही खूण जपतो आणि प्रत्यक्ष जोडणी ट्रान्झिस्टर करतो. तसेच एका तापमानाला साधलेली अचूकता दुसऱ्या तापमानाला टिकेलच असे नाही. चिपवर आवरण चढविताना पडणाऱ्या ताणानेही मूल्य सरकते.

याला पर्यायही आहेत. लेसरने पातळ थराचा रोधक कापून मूल्य सलगपणे वाढविता येते. मात्र त्यासाठी खर्चिक यंत्रणा लागते. १९७५ मध्ये जॉर्ज एर्डी यांनी झेनर डायोडमध्ये मोठी धारा सोडून तो कायमचा जोडून टाकण्याची पद्धत मांडली. फ्यूजमध्ये वाट तुटते, तर येथे वाट जुळते. ओपी-०७ या प्रवर्धकाची अचूकता याच तंत्रावर आधारलेली होती.

भारताच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमास मंजुरी दिली व त्यात आराखडा-निर्मितीलाही प्रोत्साहन आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर प्रक्रिया उपलब्ध आहे. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर हीच प्रगतीची एकमेव कसोटी नव्हे. संवेदक, मीटर आणि वैद्यकीय उपकरणे यांसाठी अचूक अनुरूप परिपथ लागतात. त्यांत निर्मितीतील दोष गृहीत धरून आराखड्यातच दुरुस्तीची सोय करणे, हेच अभियंत्याचे खरे कौशल्य होय.