उलटे शीड



इंग्रजीत ‘टेकन अबॅक’ असा एक प्रयोग आहे, आणि आपले विद्यार्थी त्याचा अर्थ ‘आश्चर्यचकित होणे’ असा पाठ करून मोकळे होतात. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु ज्या म्हसळ्याची खाडी राजपुरीच्या मुखाशी, जंजिऱ्याच्या तटाजवळ, दर्याला मिळते, आणि जो महाल १९४८ पर्यंत सिद्दीच्या संस्थानात मोडत होता, तेथील श्रोत्यांपुढे तरी हा प्रयोग शिडावरूनच उलगडावा, हे उचित होय.

चौकोनी शिडांचे जहाज पाठीमागून अथवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालते. अशा वेळी वाऱ्याने एकाएकी दिशा पालटली, किंवा सुकाणूवरचा खलाशी गाफील राहिला, म्हणजे वारा शिडाच्या पुढल्या अंगावर आदळतो, शीड डोलकाठीला उलटे चिकटते, जहाज जागच्या जागी अडते, प्रसंगी मागेही हटू लागते, आणि वादळ असेल तर डोलकाठीही मोडते. या अवस्थेला इंग्रज दर्यावर्दी अठराव्या शतकापासून हे नाव देत आले; माणसाच्या मनाला ते लावण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. आपल्याकडील मचव्यांचे शीड निराळ्या घाटाचे खरे, तथापि भलत्या बाजूने आलेला वारा म्हणजे काय, हे कोणा तांडेलास समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा या प्रयोगात नुसते आश्चर्य नाही. मन आपल्या समजुतीच्या वाऱ्यावर निर्धास्त चालले आहे, आणि समोरून काहीतरी येऊन त्याची गती खुंटते, असा त्याचा भाव आहे. खाऱ्या पाण्यात उभा असलेला जंजिरा प्रथम पाहणारा प्रवासी थक्क होतो. तो अद्भुत रस, विस्मय हा त्याचा स्थायीभाव, आणि तेथे हा इंग्रजी प्रयोग शोभत नाही. उलट, मुंबईहून आलेला मुलगा पडवीत बसून, चहा मागावा इतक्या सहजपणे, आपण लग्न नोंदवून आल्याचे सांगतो, आणि वडिलांच्या हातातील अडकित्ता सुपारीवर टेकलेला तसाच राहतो, कातरणे पुढे होत नाही आणि शब्दही फुटत नाही, तेव्हा ते वडील ‘टेकन अबॅक’ झाले म्हणावे. मराठीत मी येथे ‘चपापले’ म्हणेन, धक्का जबर असेल तर ‘हबकले’. ‘आश्चर्यचकित’ मुळीच म्हणणार नाही. ‘चाट पडले’ हेही नको, कारण चाट पडण्यात दुसऱ्याच्या करामतीची थोडी तरी कबुली असते.

व्याकरणाचीही एक मौज आहे. इंग्रजीत हा प्रयोग बहुधा कर्मणी येतो: करणारा वारा, सोसणारा माणूस. मराठी माणूस मात्र स्वतःच चपापतो. आणि आश्चर्य ‘वाटते’ तेव्हा तर तो चतुर्थीत जाऊन बसतो, जणू बाहेरून कोणी त्याच्या पदरात काही घातले. म्हणून विभक्तीला विभक्ती जुळवून भाषांतर करू पाहणाऱ्याची येथे फसगत ठरलेली.

वर्तमानपत्रांत याचा प्रत्यय नित्य येतो. विरोधकांच्या अनपेक्षित प्रश्नाने मंत्री क्षणभर अडखळले, एवढेच मूळ इंग्रजी वृत्तात असते. मराठीत उतरताना ते ‘आश्चर्यचकित’ होतात, आणि वाचकाला वाटते की मंत्रिमहोदयांना प्रश्न फार आवडला.