आईवेगळे नऊ दिवस
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी थोरल्या मुलाला आजीजवळ ठेवण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. आई धाकट्याला घेऊन परतते. दोन वर्षांचे थोरले धावत येऊन बिलगेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. ते मात्र आजीच्या पदराआड लपते, आईकडे पाहतही नाही. मोठी माणसे हसतात आणि 'रुसला आहे' म्हणून विषय संपवतात. या रुसव्याकडे शास्त्राच्या नजरेने ज्यांनी प्रथम निरखून पाहिले, त्यांत जेम्स रॉबर्टसन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

रॉबर्टसन डॉक्टर नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅना फ्रॉइड यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे चालवलेल्या शिशुगृहात ते पडेल ते काम करीत. बॉयलर सांभाळणे हेही त्यात आले. मुलांविषयी जे जे दिसेल ते प्रत्येक कर्मचाऱ्याने टिपून ठेवावे, असा तेथील शिरस्ता होता. ही सवय पुढे फार उपयोगी पडली. युद्धानंतर जॉन बोल्बी यांचे सहकारी म्हणून रॉबर्टसन रुग्णालयांतील मुलांचे निरीक्षण करू लागले. त्या काळी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने होती. आई भेटून गेली की मूल रडते, तेव्हा भेटच नको, असा सरळसोट हिशेब होता. भेट बंद झालेली मुले काही दिवसांनी खरोखरच शांत होत. वॉर्डच्या भाषेत ती 'रुळत'.

या रुळण्यामागे रॉबर्टसन यांना तीन अवस्था दिसल्या. आधी आक्रोश, मग खिन्न हताशा आणि शेवटी अलिप्तता. तिसऱ्या अवस्थेतील मूल खाते, खेळते, कोणाकडेही जाते. आई आली तरी त्याला त्याचे काही वाटेनासे झालेले असते. वॉर्डात ज्याचे कौतुक होई, तीच अवस्था सर्वांत काळजीची होती. हे शब्दांनी पटणार नाही, हे ओळखून त्यांनी १९५२ मध्ये एक चित्रपट केला. अडीच वर्षांच्या आतील लॉरा नावाची मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय. लंडनमध्ये वैद्यकांच्या सभेत तो दाखवला गेला तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. तरीही १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरील बंधने काढावीत, अशी शिफारस केली. आज भारतात मुलांच्या वॉर्डात खाटेशेजारी चटई टाकून बसलेली आई कोणाला खटकत नाही. काही देशांत मात्र तिला ती जागा भांडून मिळवावी लागली.

रॉबर्टसन पतिपत्नींचे याहून मोलाचे काम १९६०च्या दशकाच्या अखेरचे आहे. जॉन सतरा महिन्यांचा. आई बाळंतपणासाठी गेल्याने त्याला नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात ठेवले होते. तेथील परिचारिका तरुण आणि मायाळू होत्या. पण त्यांना कामे वाटून दिलेली होती, मुले नव्हेत. सकाळी एक भरवी, दुपारी दुसरी निजवी. जॉन एकेकीला निवडून तिच्याजवळ जाई आणि तिची पाळी संपली की पुन्हा एकटा पडे. पुढे पुढे तो एका मोठ्या टेडी अस्वलाला कवटाळून पडून राहू लागला, जेवण टाकू लागला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो किंचाळत तिच्या हातांतून निसटू पाहत होता.

त्याच सुमारास इतर चार मुलांना, त्यांच्या आया बाळंतपणासाठी गेल्या असताना, रॉबर्टसन यांनी एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळले. त्यांतील जेन जॉनच्याच वयाची होती. आधी ओळख करून घेतली होती; मुलाचे खाणे, निजणे, सवयी आईकडून विचारून घेतल्या होत्या; घरचे पांघरूण आणि खेळणी बरोबर आणली होती; आईचा विषय मुद्दाम काढला जाई. सांभाळणारी व्यक्ती एकच, जेम्स यांच्या पत्नी जॉयस. ही मुलेही अस्वस्थ झाली, पण मोडली नाहीत. आई आल्यावर तिच्याकडे परतली. या निरीक्षणांतून काय निष्कर्ष काढावा, यावर बोल्बी आणि रॉबर्टसन यांचे एकमत झाले नाही. चार मुलांवरून सिद्धान्त उभारू नये, हेही खरे. परंतु ताटातूट तीच असता, रिकाम्या जागी काय येते यावर पुष्कळ काही ठरते, हे जॉन आणि जेन शेजारी ठेवले की दिसते.

प्राण्यांवरील प्रयोगांतूनही वेगळ्या वाटेने हेच पुढे आले. १९५०च्या दशकात सीमूर लेव्हिन यांना आढळले, की ज्या उंदरांच्या पिलांना रोज काही मिनिटे आईपासून दूर केले, ती मोठेपणी अधिक धीट निघाली. हे कोड्यात टाकणारे होते; कारण तासन्‌तासांच्या ताटातुटीचे परिणाम पुढे बहुधा उलटे दिसले. उलगड्याचा एक धागा माँट्रियलमधील मायकेल मीनी यांच्या गटाच्या हाती लागला. थोड्या वेळाने परत मिळालेल्या पिलांना आई अधिक चाटते. कमी चाटणाऱ्या आईची पिले जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तर तीही शांत स्वभावाची होतात. या चाटण्याच्या खुणा मेंदूतील तणावाशी निगडित जनुकावरही रासायनिक रूपाने उमटलेल्या आढळल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे; तरी देवकीच्या मुलाला यशोदेने वाढवल्याची कथा लहानपणापासून ऐकलेल्या श्रोत्यांना यात अगदीच परके काही वाटू नये.

मात्र रिकामी जागा फार काळ रिकामी राहिली तर काय होते, ते रुमानियाच्या अनाथालयांनी दाखवले. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकून निवडावे तसे पालक कुटुंबांत पाठवले. घर मिळालेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती सुधारली; साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची विशेष. काही उणिवा मात्र घर मिळूनही भरून निघाल्या नाहीत.

भारताशी थेट संबंध असलेली गोष्ट अधिक आशादायक आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाला काचेच्या पेटीत आणि आईला दुसऱ्या खोलीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील एका अभ्यासात अशा बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवले गेले. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्या पाच केंद्रांपैकी एक होते. त्यासाठी नवजात कक्षात आईची खाट मांडावी लागली. म्हणजे दोन विभागांमधली भिंत हलवावी लागली.

गावापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आज आजी हाताशी नसते आणि पाळणाघर ही चैन राहिलेली नाही. आईने नोकरी करावी की नाही, हा प्रश्न येथे नाहीच. या संशोधनाचा तसा उपयोग करणाऱ्यांनी जॉयस रॉबर्टसन काय करीत होत्या ते पाहिलेले नाही. पाळणाघर निवडताना रंगवलेल्या भिंती आणि इंग्रजी गाणी पाहिली जातात. विचारायचे ते वेगळेच: मुलाला सांभाळणारी बाई वर्षभर तीच राहते का? तिच्याकडे मुले किती? पहिले काही दिवस आईला तेथे बसू देतात का? घरची मऊ गोधडी चालते का? २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली, पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सांगितली आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाता येईल, असेही लिहिले. ऊसतोडीच्या फडावर वा बांधकामाच्या जागी काम करणाऱ्या आईपर्यंत ही रजा सहसा पोहोचत नाही. तिचे तान्हुले अजूनही झोळीत असते, आणि झोका देणारी बहुधा त्याची सहा-सात वर्षांची ताई असते, जी त्या वेळी शाळेत असायला हवी.