इंटरनेटवरील नागरिकधर्म
(पालक व शिक्षक यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा सारांश)



खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. कान आणि डोळा यांच्यामधले ते अंतर. कानावर आलेले पारखून घ्यावे आणि डोळ्यांनी पाहिलेले खरे मानावे, हा त्यामागील व्यवहार. मोबाईलच्या पडद्याने हे अंतर पुसून टाकले आहे. आज असत्यही डोळ्यांना दिसते, हालते, बोलते. म्हणून डोळ्यांवर सोपवलेले पारखण्याचे काम आता विवेकाने करावयाचे आहे. विद्यार्थ्यांना इंटरनेटवरील नागरिकत्व शिकवायचे, म्हणजे प्रथम हा विवेक शिकवायचा.

कापलेल्या चित्रफितीचा धडा

२०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होते. त्या काळात पसरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. तिच्या शेवटी मुलगा सुखरूप परत आणला जातो आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवला जातो. कोणी तरी नेमका तो शेवट कापला, आणि उरलेले दृश्य आपल्याकडचीच घटना म्हणून गावोगाव पोहोचले.

अशा अफवांनी वातावरण तापलेले असताना, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ठार मारले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या व मुले पळवणाऱ्यांच्या अफवा पसरलेल्या असताना दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची पोलिसांदेखत हत्या झाली. ज्यांच्या झोळीत पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा घातली, त्यांच्याकडेच संशयाने पाहावयास अफवेने समाजाला शिकवले.

मारणारे हात दिसले. संदेश पुढे पाठवणारे अंगठे मात्र कोणी मोजले नाहीत. आपण केवळ सावध करीत आहोत, असेच त्यांतील बहुतेकांना वाटले असेल. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतासाठी जाहीर केली. यंत्राने अफवेचा वेग कमी होईल. विवेक मात्र घरातून आणि शाळेतूनच यावा लागतो.

वर्गात काय शिकवावे?

शिक्षकांनी आठवड्यातून एखादा तास याकरिता द्यावा. विद्यार्थ्यांनीच आणलेला एखादा संदेश फळ्यावर लिहावा आणि चार प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? कधीचे आहे? कोठले आहे? पूर्ण आहे काय? छायाचित्र यापूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे इंटरनेटवर शोधता येते. ते मुलांना करून दाखवावे. गैरसोयीच्या बातमीची छाननी माणूस आपोआप करतो. सोयीच्या बातमीची मात्र करीत नाही. म्हणून आपल्या मताला अनुकूल असलेला संदेश अधिक कठोरपणे तपासण्याची सवय मुलांना लावावी. सत्कार्याला असत्याचा आधार लागत नाही.

दुसरा पाठ मर्यादेचा. मैत्रिणीचे छायाचित्र तिला न विचारता पसरवणे किंवा मित्राच्या खात्यात डोकावणे याला मुले गंमत समजतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायद्याचा धाक आवश्यकच आहे, परंतु समोरच्या माणसाच्या लज्जेची आणि प्रतिष्ठेची जाणीव त्याहून आधी रुजली पाहिजे.

घराची जबाबदारी

तिसरा पाठ पालकांसाठी आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. दहा वर्षांच्या मुलाचे जन्मवर्ष बदलून त्याला खाते उघडून देणारा पालक त्याला इंटरनेटवरील पहिले असत्य स्वतःच शिकवीत असतो.

त्याहून गंभीर गोष्ट मुलांच्या मौनाची. छायाचित्रात फेरफार करून धमकावणाऱ्याचे फावते ते मुलांच्या भीतीमुळे. घरी सांगितले तर फोन काढून घेतील, बोलणी बसतील, असे मुलाला वाटते. ते एकटे पडते आणि धमकावणारा प्रबळ होतो. म्हणून मूल सांगावयास आले, की पहिले वाक्य एकच असावे : ‘सांगितलेस, बरे केलेस.’ मग आलेले संदेश न पुसता जपून ठेवावेत, पैसे देऊ नयेत आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब न झाल्यास रक्कम ठगाच्या हाती पडण्यापूर्वीच रोखली जाण्याची शक्यता असते.

बंधू-भगिनींनो, मुले उपदेशापेक्षा आचरण पाहून शिकतात. सकाळच्या चहाबरोबर दहा संदेश न वाचता पुढे ढकलणाऱ्या वडिलांनी मुलाला सत्यनिष्ठेचे पाठ द्यावेत, यात अर्थ नाही. प्रत्येक घराने आजपासून एक नियम करावा. खात्री नसलेला संदेश या घरातून पुढे जाणार नाही. आणि चुकून गेलाच, तर ज्या ज्या गटात तो गेला तेथे ‘तो संदेश खोटा होता’ असे त्याच दिवशी कळवले जाईल. वडिलांना असे लिहिताना मुलाने एकदा पाहिले, तर या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम तेथेच पूर्ण होईल.